नागोराव मास्तरांची मिशी

नागोराव मास्तरांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ते कुत्र्याला भीत, शिंगं पसरलेल्या बैलाला भीत, ओढ्याच्या गुडघाभर पाण्याला भीत. बाळापूरच्या बाजाराला जाताना वाटेत ओढा लागे. मास्तर शाळेतल्या दोन पोरांचे हात धरून तो ओलांडायचे आणि पलीकडे गेल्यावर 'सांभाळून रे' म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. मास्तरांना लेकरांची केवढी माया, असं गाव म्हणे. कोण कोणाला सांभाळून नेत होतं ते मला आणि त्या पोरांना ठाऊक होतं.

सरकारी लखोटा आला की त्यांना घाम फुटे. तो माझ्या हाती देऊन ते खिडकीपाशी जाऊन उभे राहत आणि पाठमोरेच विचारत, "काय हाय?" शाळेची कडी लावल्यावर चार पावलं जाऊन परत येत आणि कडी ओढून बघत. पटावर शाईनं लिहायचा नियम होता, पण मास्तर सगळं आधी शिसपेनानं लिहीत, पंधरा दिवस त्याच्याकडे बघत आणि मग शाई फिरवीत. मी हसलो की म्हणत, "दिगंबरराव, शाई पुसता येत न्हाई. तुमची खात्री झाली का? माझी न्हाई झाली अजून."

या माणसाच्या चेहऱ्यावर मिशी मात्र एखाद्या ठाणेदाराला शोभावी अशी होती. जाड, काळीभोर, वरचा ओठ पुरता झाकून खालच्यावर उतरलेली. ताक प्यायले की ती आधी पुसावी लागे. पोरं मास्तरांना भीत नसत, मिशीला भीत. त्यांचा जो काही दरारा होता तो एवढाच.

मी त्यांच्या हाताखाली दुसरा मास्तर म्हणून गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, मुलूख निजामाचा. डोंगरकडा नावाच्या गावापासून दीड कोसावरचं खेडं, दोन खोल्यांची शाळा, चाळीसेक पोरं. मी शिक्षकाचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि ते माझ्या डोक्यात चांगलंच चढलं होतं. वर्गाचे तीन भाग पाडायचे, हुशार, मध्यम आणि मंद, आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी बसवायचं, म्हणजे कुणाचा वेळ फुकट जात नाही, असं मी शिकलो होतो. मास्तर ऐकून घेत. 'बराबर हाय' म्हणत आणि मिशीवरून हात फिरवीत.

आषाढात खंडू धनगर आपल्या पोरीला घेऊन शाळेत आला. भागी तिचं नाव. त्या काळी आमच्या शाळेत पोरीच मोजक्या, त्यात धनगराची पोरगी म्हणजे नवलच. पण खंडूनं कारण सरळ सांगितलं.

"मेंढरामागं तिचा काई उपेग न्हाई, मास्तर. लांडगा आला, पोरं बोंबलून राहिली, आन् ही बसली गवत उपटत. दोन कोकरं गेली. मोठ्या तापातून उठली तवापासून अशी येड्यावानी करती. तुमच्यापाशी बसंल तं निदान डोळ्याम्होरं ऱ्हाईल."

तेव्हा जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की पोर शाळेच्या वयाचं झालं, असं समजत. मी खुणेनं दाखवलं तसा भागीनं झटकन कान धरला. वयानं ती चांगली आठ वर्षांची असेल. म्हणजे तिचा कान आम्ही पहिल्याच दिवशी तपासला, पण तो हाताची लांबी बघायला. ही गोष्ट आठवली की अजून माझी मला लाज वाटते.

भागी कधी एखादी गोष्ट चटकन करी, कधी दगडासारखी बसून राही. पाढे सगळ्यांबरोबर म्हणे. उठवून एकटीला विचारलं की गप्प. मागून हाक मारली तर मान वळवीत नसे, समोरून दरडावलं तर नुसती टक लावून तोंडाकडे बघे. मला ते उर्मट वाटे. दिवाळीच्या सुटीआधी मी माझ्याकडच्या पोरांचे शेरे भरले आणि भागीच्या नावापुढे शाईनं 'मंदबुद्धी' असं लिहिलं. खंडू विचारायला आला तेव्हा ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. बापाला खरं ते सांगावं, अशी माझी समजूत.

खंडूनं घोंगडी खांद्यावर नीट केली आणि तो गेला.

सुटी संपल्यावर भागी आठ दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा तिच्या उजव्या कानामागे हळदीचा लेप होता आणि लेपाखाली रुपयाएवढी जखम. मेंढरू भोवळ येऊन गोल फिरायला लागलं की धनगर त्याला तापल्या सळईचा डाग देत, आणि एखादं मेंढरू बरंही होई. खंडू लेकीवर जीव टाकणारा माणूस होता. शाळेनं शाईनं लिहून दिलं की पोरीच्या डोक्यात दोष आहे, तेव्हा जो उपाय त्याला ठाऊक होता तो त्यानं केला. डाग देताना तिला धरलं त्यानंच आणि रडलाही तोच, असं पुढे कळलं.

मास्तरांनी जखम पाहिली. त्यांनी दोन्ही हात उपरण्यात लपवले. मला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "तुमची खात्री झाली होती का?"



खंडू दारातच उभा होता. तो म्हणाला, "चैतात साहेब येऊन राहिले न्हाई का तपासणीला? त्याहीनं बी मंदच म्हनलं तं आता टाळूवर द्यावा लागंल. डाग देणारा म्हातारा म्हनला, येक डाव टाळूवर बसला की येडेपना जातो."

टाळूवरच्या डागानं लेकरू दगावल्याची गोष्ट त्या भागात सगळ्यांनी ऐकलेली होती. खंडूनंही ऐकली असणार. त्या दिवसापासून मी चैत्राचे दिवस मोजू लागलो.

मास्तरांनी एक कोरा कागद घेतला, शिसपेन घेतलं आणि भागीवर नजर ठेवली. तिच्या पाठीमागे जाऊन चिंचोक्यांचा डबा खुळखुळवला. घंटा वाजवली. एकदा तर स्वतः दचकतील अशा आवाजात थाळी आपटली आणि खरोखरच दचकले. भागी पाटीवर रेघा ओढत राहिली. ते कागदावर टिपून ठेवीत. मी म्हटलं, बहिरी असेल. ते म्हणाले, "आसंल. पर मंग कधी समजतं ते कसं काय? खात्री होऊ द्या."

ती खात्री विहिरीवर झाली. शाळेचं पाणी भरायला काशीबाई नावाची म्हातारी होती. तोंडाचं बोळकं, आणि दात नसल्यामुळे एकेक शब्द चावल्यासारखा तोंड भरून बोलायची. ती विहिरीच्या त्या काठावर होती, हातात दोर. भागी या काठावर. म्हातारी म्हणाली, "भागे, झाडाखालची लहान कळशी आण, मोठी नगं." हात तिनं हलवला नाही. भागी गेली आणि लहान कळशी घेऊन आली.

मास्तर हे शाळेच्या दारातून बघत होते. एवढ्या लांबून पोरीला काशीबाईचं कळतं, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या मास्तरांचं कळत नाही. मग त्यांचा हात सावकाश वर गेला आणि मिशीवर थांबला. त्यांचं तोंड एकदम उतरलं. काय करावं लागणार ते त्यांना कळलं होतं.

आमच्याकडे बाप जिवंत असताना माणूस मिशी काढत नाही. बाप गेला की दहाव्याला काढतात. नागोराव मास्तरांचे वडील औंढ्याकडच्या एका गावी होते, पंचाहत्तरीचे आणि ठणठणीत.

मी मास्तरांशी भांडलो, ते सांगायला हवं. एका पोरीसाठी चाळीस पोरांची शाळा कशी बदलायची, असं मी विचारलं. अशा मुलांची सोय शहरात असेल तर असेल, इथे आपल्याला जमणार नाही. आज तिला पुढे ढकललं तर उद्या ती आणखी मागे पडेल, मग तिच्यावर दया केली की अन्याय? हे प्रश्न खोटे नव्हते. आजही मला त्यांची पुरती उत्तरं येत नाहीत. मास्तरांनाही येत नव्हती.

"मला न्हाई ठाऊक, दिगंबरराव," ते म्हणाले. "तुमी म्हणता ते बराबर आसंल. पर तिला नाव काय द्यायचं ते मागून बघू. आधी तिला काय समजून राहिलं ते तं बघू." आणि थोड्या वेळानं, "मला लई भ्याव वाटून राहिलं."

ते खंडूकडे जाऊन आले. पोरगी येडी नाही, बहिरी आहे, तोंड बघून बोलणं ओळखते, असं त्याला सांगितलं. खंडू म्हणाला, बहिरी असती तर तिला काशीबाईचं कसं ऐकू आलं? आणि शाळेच्या शाईत तर मंद लिहिलंय. आता साहेब काय म्हणतात ते खरं.

मग एका रविवारी मास्तर न्हाव्याकडे गेले. मिशी काढ म्हटल्यावर न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "वडील कवा गेले?" आहेत, म्हटल्यावर त्यानं आपली पेटी बंद केली. असलं पाप माझ्या हातून नको, म्हणाला.

मास्तर माझ्या खोलीवर आले. माझ्याकडे विलायती पात्याचं यंत्र होतं. लढाईमुळे पाती मिळत नसत, म्हणून मी एकच पातं काचेच्या पेल्याच्या आतून घासून घासून वापरत होतो. ते त्यांनी मागितलं. मी म्हटलं, नीट विचार करा. त्यांनी मान हलवली. पातं ओठाशी नेऊन त्यांनी दोनदा खाली ठेवलं, तेव्हा शेवटी मीच ती मिशी काढली. अर्धी उतरली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि नागनाथाचं नाव घेतलं. त्यांना हे खुळचट वाटत होतं असं कुणी समजू नये. आपण मिशी काढली की बापाचं आयुष्य कमी होणार, यावर त्यांचा पुरता विश्वास होता. माझ्यासमोर खाटेवर बसलेला माणूस आपल्या बापाच्या जिवावर उठल्यासारखा थंडगार पडला होता, आणि तरी उठून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा चिडीचूप होती. दुपारपर्यंत गावात बातमी फिरली आणि संध्याकाळी बायका मास्तरांच्या घरी भेटायला गेल्या. त्यांनी दारातच गळा काढला. मास्तरांनी धाकानं घरी सांगितलंच नव्हतं, दिवसभर उपरणं तोंडाला गुंडाळून वावरले होते. त्यांच्या मंडळी चुलीपासून उठून आल्या, बायकांना रडताना पाहिलं आणि सासरे गेले असं समजून त्यांनीही हंबरडा फोडला. मास्तर मधे उभे राहून सगळ्यांना सांगत होते, बाबा बरे आहेत, बाबा बरे आहेत. कुणाला पटत नव्हतं.

औंढ्याकडे जाणाऱ्या कुणीतरी ती बातमी म्हाताऱ्याच्या गावापर्यंत नेली. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेसमोर बैलगाडी थांबली आणि तिच्यातून म्हातारा स्वतः उतरला. आपल्या मरणाची बातमी ऐकून तो आला होता. वर्गाच्या दारात उभा राहून त्यानं लेकाच्या उघड्या ओठाकडे पाहिलं.

"माझ्या माघारी काढायची ती तू माझ्याम्होरं काढलीस."

मास्तर खाली वाकून त्याच्या पायाशी बसले आणि कारण सांगू लागले. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. पोरगी कुणाची, म्हणून विचारलं. मग म्हणाला, "वाढव परत."

"बाबा, परीक्षेपोतर न्हाई."

माझा विश्वास बसेना. वरून आलेला लखोटा फोडायला घाबरणारे मास्तर ते बोलले होते. म्हातारा पाणीही न घेता गाडीत बसला.

पुढचे चार महिने मास्तर भीतीनं वाळत गेले. दर रविवारी आणि बुधवारी माझ्या खोलीवर येऊन ओठ कोरा करून घेत, आणि दर वेळी आधी विचारत, औंढ्याकडून कुणी आलं का? वाटेनं अनोळखी माणूस शाळेकडे वळताना दिसला की त्यांच्या हातातला खडू गळून पडे. सुटीत वडिलांना भेटायला जात तेव्हा उपरणं नाकापर्यंत ओढून बसत, तो ओठ म्हाताऱ्याला परत दिसू नये म्हणून.

पण शिकवणं त्यांनी बदललं. खिडकी मागे असली की त्यांचं तोंड अंधारात जाई आणि भागी गोंधळे, हे त्यांच्या कागदावर टिपलेलं होतं. म्हणून ते दारासमोर, उजेडाकडे तोंड करून उभे राहू लागले. फळ्यावर लिहिताना बोलत नसत. एकेक वाक्य दोनदा, सावकाश. दोन-चार पालकांनी कुरकुर केली की धनगराच्या पोरीपायी आमची पोरं रखडली. मास्तर त्यांना घाबरून 'बराबर हाय' म्हणत आणि पुन्हा उजेडात जाऊन उभे राहत. माझ्याही वर्गात त्यांनी एकदा डोकावून, हात जोडून सांगितलं, "दिगंबरराव, फळ्याशी बोलू नगा." भागी वाचायला लागली. वजाबाकी तिला पटकन येई. जाड, सपाट आवाजात ती उत्तर देई आणि लगेच आमच्या तोंडाकडे बघे, बरोबर आलं का ते ओळखायला.

चैत्रात साहेब आले. गोरेपान, धिप्पाड, तोंडात पान आणि मास्तरांच्या जुन्या मिशीला लाजवील अशी मिशी. ती पाहिली आणि मी भागीकडे बघितलं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. बाहेर लिंबाखाली खंडू बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून.

भागीची पाळी आली. साहेबांनी प्रश्न विचारला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा विचारला, मोठ्यानं. तिचे डोळे त्यांच्या मिशीवर भिरभिरले आणि मग मास्तरांकडे वळले. साहेबांनी पट उलगडला, माझा शेरा वाचला, "बराबर लिखा है," म्हणाले आणि दौतीकडे हात नेला.

"साहेब."

तो आवाज मास्तरांचा होता हे मला आधी कळलंच नाही.

"साहेब, सवाल तुमचाच. तोंड फकस्त माझं घ्या."

साहेबांनी वर पाहिलं. त्यांची नजर मास्तरांच्या ओठावर थांबली. त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं, "वालिद गुजर गए?"

"न्हाई साहेब. हयात हायेत."

त्या मुलखात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साहेबांनी पान गालात सरकवलं आणि मास्तरांना जवळ बोलावलं. पण उत्तर पढवू नये म्हणून अट घातली. प्रश्न मी तुमच्या कानात सांगीन, तुम्ही तो आवाज न काढता म्हणायचा. मास्तर दारातल्या उजेडात गेले. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर उतरत होता. ओठ हलले. मला काही कळलं नाही, वर्गात कुणालाच कळलं नाही. भागीनं पाटीवर आकडा लिहिला. साहेबांनी दुसरा प्रश्न सांगितला, तिसरा सांगितला, आणि पाचव्यानंतर पाटी हातात घेऊन त्यांनी पाचही आकडे पडताळले.

बहिऱ्या मुलासाठी पटात रकानाच नाही, असं ते म्हणाले. लायक किंवा नालायक, एवढंच लिहिता येतं. मग माझ्या शेऱ्यावर त्यांनी शाईची आडवी रेघ ओढली, शेजारी 'लायक' लिहिलं आणि सही केली. शाईनं लिहिलेलं असं खोडता येतं, हे मला तेव्हा समजलं. मास्तर तो पट छातीशी धरून लिंबाखाली गेले आणि त्यांनी खंडूला वाचून दाखवलं.

"मंग टाळूवर नगं?" खंडूनं विचारलं.

"नगं."

खंडूनं तोंडावर घोंगडी ओढली. मास्तरही त्याच्या शेजारी मातीत बसले.

परीक्षा झाली तरी मास्तरांनी मिशी वाढवली नाही. भागीची पुढची इयत्ता होती. म्हातारा पुढच्या पौषात गेला, थंडीचा खोकला होऊन. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मी दहाव्याला गेलो होतो. नदीकाठी न्हाव्यानं मास्तरांचं डोकं केलं आणि मिशीपाशी वस्तरा नेऊन थांबला. तिथे काढण्यासारखं काही नव्हतं. न्हाव्यानं भावकीकडे पाहिलं, भावकीनं दुसरीकडे पाहिलं. मास्तर वर तोंड करून तसेच बसून राहिले, वाट बघत.

त्याच महिन्यात माझी बदली झाली. निघताना निरोप घ्यायला मी शाळेत गेलो. शाळा सुटली होती. मास्तर पायरीवर बसले होते, मावळतीचा उजेड तोंडावर घेऊन, आणि समोर भागी उभी होती. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. कितीतरी वेळ ते तसेच बोलत राहिले. पाठमोरी भागी मान हलवीत होती. मला ओठ वाचता येत नव्हते, म्हणून मी आवाराच्या दाराशीच थांबलो.

मग तिचा तो जाड, सपाट, साऱ्या आवारात ऐकू जाणारा आवाज आला.

"न्हाई मास्तर. तुमच्यानं न्हाई मेले."

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. नंतर, ती अजून एकदा म्हणेल का, असं त्यांनी खुणेनं विचारलं.